मूक मोर्चाची पूर्वपीठिका

मराठवाड्यात मोर्चा म्हटला की घोषणांनी घसा बसणे आलेच. म्हणूनच ९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत क्रांती चौकातून निघालेला मराठा समाजाचा मोर्चा पाहणाऱ्यांना चमत्कारिक वाटला, कारण त्यात घोषणा नव्हत्या आणि पुढाऱ्यांची भाषणेही नव्हती. पुढे मुली व बायका, एरवी उघड्या जीपवर उभे राहणारे पुढारी सर्वांत मागे, निवेदन द्यायला मुली आणि शेवटी रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या वेचणारे स्वयंसेवक, असा या मोर्चांचा शिरस्ताच पुढे पडला.

हे मौन ठरवून पाळलेले होते. १३ जुलै २०१६ रोजी नगर जिल्ह्यातील कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. मुलगी मराठा, आरोपी दलित आणि मागण्यांत आरक्षणाबरोबर अॅट्रॉसिटी कायद्यातील बदलही. अशा वेळी एखादी वावगी घोषणा गावेच्या गावे पेटवायला पुरेशी होती. मराठवाड्याने हे भोगलेले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर दलितांची घरे जाळली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ती राख पाहिलेली माणसे जेथे अजून पारावर बसतात, तेथे तोंड मिटून चालणे हाच शहाणपणा होता, मग मागण्यांविषयी कोणाचे मत काहीही असो.

मात्र ‘मूक’ या शब्दाला मराठीत दुसरी धारही आहे. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता : ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ।’ ज्यांना बोलूच दिले नाही त्यांचे मूकपण वेगळे आणि बोलता येत असून ज्यांनी ओठ मिटले त्यांचे मौन वेगळे. २०१६ च्या कौतुकात हा फरक फारसा कोणी बोलून दाखवला नाही.

वर्षभरात राज्यात पन्नासहून अधिक मूक मोर्चे निघाले, ९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईतही निघाला. आरक्षण मात्र लांबतच गेले, आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत हे जुने व्यवहारज्ञान तरुणांना पटू लागले. २०१८ मध्ये मूक मोर्चाच्या जागी ‘ठोक मोर्चा’ हा शब्द आला. २३ जुलै रोजी कायगाव टोका येथे एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला आणि दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, तो मात्र मूक नव्हता.