टॅग काढणे आणि फोटो काढून टाकणे

मराठीतले ‘काढणे’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते. रांगोळी काढतात तेव्हा नसलेली गोष्ट उमटते आणि दृष्ट काढतात तेव्हा लागलेली गोष्ट जाते. एरवी यातून काही बिघडत नाही, पण फोटोच्या बाबतीत बिघडते, कारण फोटो काढतात, फोटोवरचा टॅग काढतात आणि नको असलेला फोटोही काढतात.

माझ्या मामेभावाने बहिणीच्या हळदीचा अल्बम फेसबुकवर टाकला, त्यातल्या एका फोटोत मी पंगतीत बसलेली, अर्धी जिलेबी तोंडात आणि अर्धी बाहेर, डोळे नेमके मिटलेले, अशा अवस्थेत होते. ‘दादा, माझा तो फोटो काढ ना,’ असा निरोप मी पाठवला आणि पाच मिनिटांत ‘काढला’ असे उत्तर आले. आठवड्याने मावशीचा फोन आला, तेव्हा तिने हालहवाल विचारण्याआधी जिलेबीची चौकशी केली. दादाने फोटोवरचा माझा टॅग काढला होता आणि आपण सांगितलेले काम चोख केले, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यानंतर हाच घोळ नातेवाइकांत, कार्यालयात आणि सोसायटीत मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला भाग वाटते.

स्वतः टाकलेला फोटो कसा हटवायचा, हे बहुतेकांना येते. फोटोच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवले की डिलीटचा पर्याय दिसतो. इन्स्टाग्रामवर असा फोटो ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यात ३० दिवस राहतो, फेसबुकवर पोस्ट कचरापेटीत टाकली तर तिथेही मुदत ३० दिवसांचीच असते, आणि तोवर मन बदलले तर तो परत आणता येतो. लाइक आणि प्रतिक्रिया गमावायच्या नसतील तर अर्काइव्ह करावे, म्हणजे फोटो फक्त स्वतःला दिसतो.

अडचण दुसऱ्याने टाकलेल्या फोटोची आहे. टॅग हा फोटोचा भाग नसतो. तुमच्या मावशीच्या दिवाणखान्यात एक मोठी तसबीर लावलेली आहे आणि तिच्याखाली तुमचे नाव व तुमच्या घराचा पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली आहे, अशी कल्पना करावी. ही चिठ्ठी म्हणजे टॅग. ती डकवण्याचा अधिकार मावशीला असला तरी उपटण्याचा अधिकार तुम्हालाही आहे, कारण चिठ्ठीवर नाव तुमचे आहे. तसबीर मात्र मावशीची आहे आणि ज्या भिंतीवर ती टांगली ती भिंतही मावशीचीच. तुम्ही चिठ्ठी उपटली तरी मावशीकडे येणारे-जाणारे लोक तसबीर पाहतच राहतात, आणि त्यांतले निम्मे लोक तुम्हाला चेहऱ्यावरून ओळखतात. फोटोबरोबरच्या मजकुरात तुमचे नाव साध्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर तेही टॅग काढल्याने पुसले जात नाही.

म्हणून टॅग काढणे निरुपयोगी आहे, असे सांगणारा दुसरा एक वर्ग आहे, आणि माझे त्याच्याशीही पटत नाही. टॅगचा खरा परिणाम नावापेक्षा प्रेक्षकांवर होतो. फेसबुकवर कोणी तुम्हाला टॅग केले की तो फोटो टाकणाऱ्याच्या मित्रांबरोबर तुमच्या मित्रांपर्यंतही पोहोचू शकतो. दादाने हळदीचा अल्बम केवळ आपल्या मित्रयादीपुरता ठेवला होता, म्हणजे तो आमच्या आजोळच्या मंडळींपुरता होता. मला टॅग केल्यामुळे तो माझ्या कार्यालयातल्या लोकांसमोर गेला, ज्यांचा दादाशी आणि आमच्या हळदीशी काडीचाही संबंध नव्हता. टॅग निघताच ही दुसरी वाट बंद झाली. पहिली वाट, म्हणजे दादाची स्वतःची मित्रयादी, पूर्वीसारखीच उघडी राहिली, आणि मावशी त्या यादीत होती. त्याने अल्बम सर्वांसाठी खुला ठेवला असता तर टॅग काढून यापेक्षाही कमी साधले असते, कारण मग तो पाहायला कोणाच्याही मित्रयादीत असण्याची गरजच नसते.

तेव्हा तीन टिंबांवर बोट ठेवण्याआधी हा फोटो आपल्याला कोणापासून दूर ठेवायचा आहे, हे स्वतःला विचारावे. वरिष्ठांनी, नव्या स्थळाने किंवा जुन्या वर्गमित्राने तुमचे प्रोफाइल उघडल्यावर तो दिसू नये एवढेच हवे असेल, तर टॅग काढणे पुरेसे आहे, आणि त्यासाठी कोणाचीही मनधरणी करावी लागत नाही. तो फोटो जगात कुठेही असू नये, अशी इच्छा असेल तर टॅगला हात लावूनही काही होणार नाही, कारण तो निर्णय फोटो टाकणाऱ्याच्या हाती आहे. लोक पहिले काम करतात आणि दुसऱ्याचे फळ मागतात.

इन्स्टाग्रामवर या दोन्हींच्या अलीकडे आणखी एक पायरी आहे. फोटोवर बोट ठेवून आपल्या नावावर टेकवले की दोन पर्याय समोर येतात, एक पोस्टमधून आपले नाव काढण्याचा आणि दुसरा तो फोटो फक्त आपल्या प्रोफाइलवरून लपवण्याचा. लपवल्यास टॅग जागच्या जागी राहतो, म्हणजे मूळ पोस्ट पाहणारा माणूस तुमच्या नावावरून थेट तुमच्याकडे येऊ शकतो. मला हा लपवण्याचा पर्याय अर्धवट वाटतो आणि मी तो कोणाला सुचवत नाही.

सगळ्या गोंधळाच्या मुळाशी ‘माझा फोटो’ हा शब्दप्रयोग आहे. मी टाकलेला फोटो तो माझा, आणि मी ज्यात दिसते तोही माझाच, असे आपण सहज बोलतो. या संकेतस्थळांच्या लेखी मात्र जो फोटो चढवतो त्याच्या खात्यात तो राहतो. त्यात कोणाचा चेहरा आहे यावरून हटवण्याचे बटण मिळत नाही. कायदाही चेहरा आणि मालकी यांची सरमिसळ करत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सामान्यतः ज्याने फोटो टिपला तो त्याचा पहिला मालक असतो. मात्र कलम १७ नुसार मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास काढून घेणारा पहिला मालक ठरतो. लग्नाचे छायाचित्रकार आपल्या पानावर नवरा-नवरीचे फोटो जाहिरातीसाठी टाकतात, तेव्हा हे कलम उपयोगी पडते. पण त्याआधी आगाऊ रक्कम देताना सही केलेला कागद वाचावा, कारण ‘वेगळा करार’ बहुतेक वेळा त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. माझ्या एका मैत्रिणीने तो सही केल्यावर आठ महिन्यांनी वाचला.

फोटो टाकणारा आपल्यातलाच असेल तर सर्वांत परिणामकारक उपाय विनंतीचा आहे, आणि ती नेमक्या शब्दांत करावी. ‘माझा तो फोटो काढ’ या वाक्यात ‘तो’ कोणता आणि ‘काढ’ म्हणजे काय, हे दोन्ही संदिग्ध आहे. दुसऱ्या वेळी मी दादाला लिहिले, ‘हळदीच्या अल्बममधला पंगतीचा फोटो, ज्यात मी आणि सुमाकाकू शेजारी आहोत, तो अल्बममधून डिलीट कर. टॅग नव्हे, अख्खा फोटो. बाकीचे राहू दे.’ मी त्याला फोटोचा दुवाही पाठवला. यात ‘बाकीचे राहू दे’ हे महत्त्वाचे आहे, कारण ते नसेल तर समोरचा माणूस दुखावतो किंवा रागाने पूर्ण अल्बम हटवून मोकळा होतो. मूळ फोटो हटवला की तो ज्यांनी पुढे शेअर केला त्यांच्याकडूनही नाहीसा होतो, कारण शेअर केलेली पोस्ट मूळ पोस्टकडेच बोट दाखवत असते. ज्यांनी तो उतरवून घेऊन आपल्या खात्यावर नव्याने चढवला, त्यांची प्रत स्वतंत्र असते आणि तिच्यासाठी विनंतीही वेगळी करावी लागते. आमच्या बाबतीत ही दुसरी प्रत वहिनीच्या अल्बममध्ये निघाली.

विनंती करण्याचा संकोच वाटतो म्हणून फोटो टाकणाऱ्यालाच ब्लॉक करणारे लोक मला खरोखर कळत नाहीत. ब्लॉक केल्याने फोटो हटत नाही. तो इतर सर्वांना दिसत राहतो आणि फक्त तुम्हाला दिसेनासा होतो. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीचे निदान दूध तरी पोटात जाते. शिवाय नंतर तक्रार करायची वेळ आली तर तो फोटो शोधायला तुम्हालाच दुसऱ्याचा फोन मागावा लागतो. ब्लॉक करणे अपरिहार्य असेल तर आधी दुवा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

तक्रारीच्या बटणाबद्दलही असाच गैरसमज आहे. आपण त्यात जाड दिसतो किंवा साडीचा पदर सुटला आहे, एवढ्या कारणाने संकेतस्थळ फोटो हटवत नाही, आणि अशी तक्रार फेटाळली गेली म्हणून रागावण्यात अर्थ नाही. जिथे नग्नता, लैंगिक कृती, खाजगी अवयवांचे चित्रण, तोतयेगिरी किंवा चेहरा जोडून बनवलेले चित्र असेल तिथे गोष्ट वेगळी आहे. त्या प्रकारात संबंधित व्यक्तीची तक्रार आल्यावर मजकूर हटवण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले आणि ते नियम आले तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुदत ठेवली होती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत दाद मागता येते. संमतीविना खाजगी अवयवांचे छायाचित्र टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. अशा वेळी टॅग काढत बसू नये, कारण टॅग निघाल्यावर तो फोटो तुमच्या नावावरून शोधणे तुम्हालाच अवघड होते. आधी पुरावा जपावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.

उरलेले गोंधळ किरकोळ आहेत. खाते तात्पुरते बंद केले तर तुम्ही टाकलेले फोटो झाकले जातात, कायमचे हटवले तर जातात. दोन्ही प्रकारांत इतरांनी टाकलेले फोटो होते तिथेच राहतात. व्हॉट्सॲपवर ‘माझ्यासाठी हटवा’ याने फक्त आपल्या फोनवरचा निरोप जातो आणि ‘सर्वांसाठी हटवा’ हा पर्याय पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा अधिक काळ मिळतो. २०१७ साली तो आला तेव्हा त्याची मुदत अवघी सात मिनिटांची होती. तोवर समोरच्याच्या गॅलरीत फोटो उतरला असेल तर तो तिथून निघेलच याची खात्री नसते, आणि ‘हा निरोप हटवला’ ही पाटी मागे राहतेच, जी पाहून कौटुंबिक ग्रुपवर मूळ फोटोपेक्षा जास्त चर्चा होते.

पुढच्या लग्नसराईच्या आधी मी फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅग मंजुरीसाठी माझ्याकडे यावेत अशी व्यवस्था केली. हे ऐकून मावशीने निःश्वास टाकला, ‘म्हणजे आता तुला विचारल्याशिवाय कोणी तुझा फोटो टाकणार नाही.’ ही मंजुरी फक्त तो फोटो माझ्या प्रोफाइलवर येण्यापुरती आहे, दादाने तो त्याच्या अल्बममध्ये टाकण्यासाठी नव्हे, हे मी तिला दोनदा समजावले. तिसऱ्यांदा समजावण्याऐवजी हे सर्व लिहिले आहे.