मॅनेजर आणि कोच: टॉमी बर्न्सने दोन्ही कामं केली

आपण क्रिकेटवाले. संघाचा मॅनेजर म्हटलं की हॉटेलच्या खोल्या, बसच्या वेळा, सामानसुमान सांभाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. खेळाचं काय ते कोच आणि कॅप्टन बघतात. हाच अर्थ मनात धरून ब्रिटिश फुटबॉलच्या बातम्या वाचायला घेतल्या की घोळ होतो. तिथे मॅनेजर हा संघाचा कर्ता. शनिवारी कोण अकरा उतरणार, कोणाला विकत घ्यायचं, कोणाला सोडायचं, हे तो ठरवतो. कोच मैदानावर सराव घेतो, खेळाडू घडवतो, आणि त्याचा शब्द मॅनेजरच्या शब्दाखाली असतो.

हा फरक मला नीट कळला तो टॉमी बर्न्समुळे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कॅल्टन भागात, सेल्टिक या तिथल्या फुटबॉल क्लबच्या मैदानाजवळ जन्मलेला, लाल केसांचा, डावखुरा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. सेल्टिककडून खेळताना सहा लीग विजेतेपदं त्याच्या वाट्याला आली. डिसेंबर १९८९मध्ये शेवटचा सामना खेळून जाताना त्याने आपले बूट प्रेक्षकांत भिरकावले. पुढे किल्मार्नक या दुसऱ्या स्कॉटिश क्लबमध्ये तो खेळाडू आणि मॅनेजर असं दोन्ही झाला आणि १९९३मध्ये त्या संघाला वरच्या श्रेणीत घेऊन गेला.

१९९४मध्ये सेल्टिकने त्याला मॅनेजर म्हणून परत बोलावलं. पहिल्याच हंगामात लीग कपच्या अंतिम सामन्यात, खालच्या श्रेणीतल्या रेथ रोव्हर्सकडून पेनल्टींवर हार. मग मे १९९५मध्ये एअरड्रीला १-० हरवून स्कॉटिश कप, म्हणजे क्लबचा सहा वर्षांतला पहिला करंडक. विजयी गोल व्हान हूइडोंकचा, आणि तो खेळाडू बर्न्सच्याच काळात आलेला. टॉम, कादेते, दि कानिओ हे खेळाडूही त्याच्याच कारकिर्दीत आले. १९९५-९६चे आकडे तर आजही चटका लावतात: लीगचे ३६ सामने, हार फक्त एक, तीही ग्लासगोच्याच रेंजर्स या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून. पण ११ सामने बरोबरीत सुटले आणि विजेतेपद रेंजर्सकडे गेलं. पुढच्या वर्षीही तेच घडलं, आणि १९९७मध्ये बर्न्सला जावं लागलं. संघ देखणा खेळत होता, हे त्याचे विरोधकही मान्य करत. पण मॅनेजरचा हिशेब गुणतक्त्यावर होतो.

त्यानंतर काही काळ तो इंग्लंडमध्ये, न्यूकॅसल क्लबचा कोच होता, मग रेडिंग क्लबचा मॅनेजर. आणि मग तो सेल्टिकमध्येच परतला, या वेळी पोरांना तयार करायला. जिथे एकेकाळी आपला हुकूम चालला, तिथेच दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला मोठं मन लागतं, असं मला वाटतं. २००५मध्ये सेल्टिकचा मॅनेजर झाला गॉर्डन स्ट्रॅकन, तोही जुना स्कॉटिश मिडफिल्डर, आणि बर्न्स त्याच्या हाताखाली मुख्य संघाचा कोच. स्ट्रॅकनच्या पहिल्याच अधिकृत सामन्यात सेल्टिक स्लोव्हाकियाच्या आर्टमीडिया ब्रातिस्लाव्हा क्लबकडून ५-० हरलं. टीका झाली ती स्ट्रॅकनवर. कोच बर्न्सही होता, पण जाब मॅनेजरलाच विचारला जातो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातही फोग्ट्स आणि स्मिथ या मॅनेजरांचा बर्न्स सहायक होता. नोव्हेंबर २००४मध्ये स्वीडनविरुद्ध एका सामन्यापुरती सूत्रं त्याच्याकडे आली.

एक तिसरं नावही कानावर पडतं: हेड कोच. खेळाडूंची खरेदी-विक्री वेगळ्या संचालकाकडे आणि संघ मैदानावर चालवायचा हेड कोचने, अशी वाटणी असते तिथे हे पद दिसतं. आपल्या इंडियन सुपर लीगमध्येही हाच शब्द रूढ आहे.

१५ मे २००८ रोजी त्वचेच्या कर्करोगाने बर्न्स गेला. वय ५१. आठच दिवसांत, २२ मेला, सेल्टिकने डंडी युनायटेडला त्यांच्याच मैदानावर १-० हरवलं आणि लीग जिंकली. मॅनेजर म्हणून जी कधीच हाती आली नव्हती, ती लीग खेळाडूंनी आपल्या कोचला अर्पण केली.