चेक इंजिन दिवा

इंजिन किंवा उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेत बिघाड आढळल्यावर मोटारीच्या डॅशबोर्डवर लागणारा पिवळा किंवा नारिंगी दिवा. त्यावर इंजिनाची आकृती असते. इंजिनाचा संगणक (ईसीएम) सेन्सरांकडून येणारे आकडे सतत तपासतो, आकडा मर्यादेबाहेर गेला की बिघाडाचा कोड साठवतो आणि दिवा लावतो. ऑइलचा लाल दिवा वेगळा. तो चालू गाडीत लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करणे भाग असते. चेक इंजिन दिवा स्थिर असेल तर सहसा गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसिंग करत असून (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसून) न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाते आहे, असे समजून वेग कमी करावा आणि गाडी लवकर थांबवावी.

कार्ब्युरेटरच्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत हा दिवा नव्हता; तो इंजेक्शन प्रणालीबरोबर आला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ओबीडी-२ हे, गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कळवण्याचे समान मानक लागू झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. भारतात ओबीडी-१ची अट २०१० मध्ये आणि ओबीडी-२ची २०१३ मध्ये आली. त्यामुळे त्याआधीच्या भारतीय गाडीला कोड वाचणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर जोडला जाईलच असे नाही. सुझुकीच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत डायग्नोसिस कपलरमधली (तपासणीसाठीच्या वायरींच्या जोडातली) ठरावीक टोके जोडली की दिवाच लुकलुकून कोड सांगतो: एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२, अर्थात सर्व ठीक. टोके मॉडेलनुसार बदलतात, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल न पाहता वायर खुपसू नये.

निदानातली सर्वांत महागडी चूक म्हणजे कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तोच भाग बदलणे. कोड लक्षण सांगतो, कारण नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे ऑक्सिजन सेन्सरने कळवलेले असते, म्हणून अनेकदा बिचारा सेन्सरच बदलला जातो. जुन्या गाडीत दोष बहुधा तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपात, चोंदलेल्या पेट्रोल फिल्टरात किंवा थकलेल्या पेट्रोल पंपात निघतो. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत फरक ओळखायची सोपी रीत आहे. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, पाहावे. आयडलिंगला ते वीस टक्क्यांच्या वर असून २५०० आरपीएमला शून्याजवळ उतरत असेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. उलट, रेस वाढवल्यावर आणि भार आल्यावर ते चढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे.

मिसिंगचे कोड याहून सरळ असतात. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून गाडी चालवावी. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा, तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही; तो आल्यावर लगेच नवा कन्व्हर्टर घेण्यापूर्वी एक्झॉस्टची गळती आणि इंजिन ऑइल जाळते का, हे पाहिलेले बरे.

दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत सेन्सरांआधी वायरिंग दगा देते: हिरवट पडलेले कपलर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, गंजलेली अर्थिंगची (इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) पट्टी. अर्थिंग तपासायला मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे इंजिन ब्लॉकवर धरून स्टार्टर मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी काढून, घासून घट्ट बसवावी. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम आले असतील, तर सुरुवात इथूनच करावी.

बॅटरीची वायर काढून कोड पुसता येतो, पण बिघाड कायम असेल तर काही फेऱ्यांत दिवा परत लागतो, आणि बिघाडाच्या क्षणी नोंदलेले वेग-तापमानाचे आकडे मात्र पुसले जातात. म्हणून आधी कोड लिहून घ्यावा. जुनी गाडी विकत घेताना किल्ली ‘ऑन’ करून, इंजिन सुरू न करता हा दिवा लागतो का ते बघावे. लागलाच नाही तर बल्ब गेलेला तरी असतो, नाहीतर मुद्दाम काढलेला. ओबीडी-२च्या गाडीत ही लबाडी स्कॅनर पकडतो, कारण ईसीएमने दिवा लावण्याचा आदेश दिला आहे की नाही, हे त्यावर वेगळे दिसते.