राउटरमध्ये डीएनएस दोनदा का विचारतात?

राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरलं की डीएनएस (वेबसाइटच्या किंवा यंत्राच्या नावावरून त्याचा आकड्यांतला आयपी पत्ता सांगणारी सोय) दोन ठिकाणी भेटतो. एकदा 'इंटरनेट' किंवा 'वॅन'च्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर आणि एकदा 'लॅन'च्या (घरातल्या जाळ्याच्या) किंवा 'डीएचसीपी'च्या (यंत्रांना पत्ते वाटण्याच्या) पानावर. दोन्हीकडे रकाने सारखेच, प्रायमरी आणि सेकंडरी. मग आपण दोन्हीकडे ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता टाकतो आणि मोकळे होतो. इंटरनेट सुरू असतं, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटतच नाही. बिघडल्याचं कळतं ते प्रिंटरला किंवा फाइल ठेवायच्या डब्याला नावाने हाक मारायला जातो तेव्हा.

वॅनच्या पानावर विचारलंय ते राउटरबद्दल: त्याला एखादं नाव ठाऊक नसेल तर त्याने पुढे कोणाला विचारायचं? डीएचसीपीच्या पानावर विचारलंय ते घरातल्या लॅपटॉप-फोनबद्दल: त्यांनी कोणाला विचारायचं? लॅपटॉप वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर त्याला आयपी पत्ता देतो आणि सोबत डीएनएस सर्व्हरचा पत्ताही. डीएचसीपीच्या भाषेत हा सहा नंबरचा ऑप्शन. दुसऱ्या पानावर जे लिहाल, ते या ऑप्शनमधून जसंच्या तसं लॅपटॉपपर्यंत जातं. तिथे ८.८.८.८ लिहिलं, तर लॅपटॉप नाव विचारायला थेट बाहेर जातो. त्याचा प्रश्न राउटरमधून जातो खरा, पण टपालाच्या पिशवीतून बंद पाकीट जावं तसा. राउटर तो उघडत नाही आणि उत्तरही देत नाही.

बहुतेक राउटरमध्ये हा दुसरा रकाना रिकामा सोडला की राउटर स्वतःचाच पत्ता वाटतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. मग घरातला प्रत्येक प्रश्न आधी राउटरकडे येतो. माझ्या मते बहुतेकांनी हा रकाना रिकामाच ठेवावा आणि आवडीचा बाहेरचा सर्व्हर, १.१.१.१ असो की ९.९.९.९, फक्त वॅनच्या पानावर लिहावा.

आता 'राउटर डीएनएस सर्व्हर आहे' या वाक्याचेही दोन अर्थ होतात, आणि खरा घोळ तिथे आहे. काही राउटर नुसते निरोपे असतात. प्रश्न आला की बाहेर पाठवायचा, आलेलं उत्तर परत द्यायचं, थोडा वेळ लक्षात ठेवायचं. इंटरनेट कंपनीकडून जोडणीबरोबर येणारे बरेच डबे या जातीचे. दुसऱ्या जातीचे राउटर निरोप्याचं काम करतातच, शिवाय घरातल्या नावांची स्वतःची वहीही ठेवतात. 'प्रिंटर.लॅन' विचारलं की वही उघडून १९२.१६८.१.५० सांगतात, बाहेर जातच नाहीत.

ही वही राउटरकडेच असणं सोयीचं, त्याचं कारण साधं आहे. पत्ता मागताना बरीच उपकरणं आपलं नावही सांगतात. पत्ते वाटणारा आणि नावं सांगणारा एकच असेल तर वही आपोआप भरत जाते. सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम नेमकी ही दोन्ही कामं एकत्र करतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीमध्ये तो मुळातच असतो आणि '.लॅन' हा शेपटाही तिथे आधीच लावलेला असतो. इंटरनेटच्या सुरुवातीला सगळ्या जगाची नावं अशीच एका फाइलमध्ये होती. ती पुरेनाशी झाली म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. घरात दहा-पंधरा यंत्रं असतात, तिथे ती जुनी वहीच पुरते.

माझी फजिती सेकंडरीच्या रकान्यात झाली. डीएचसीपीच्या पानावर प्रायमरीत राउटरचा पत्ता लिहिला आणि 'असू दे, अडीनडीला' म्हणून सेकंडरीत ८.८.८.८. प्रिंटर कधी सापडायचा, कधी गायब. केबल बदलली, प्रिंटर चारदा बंद-चालू केला. शेवटी लॅपटॉपवर 'एनएसलुकअप प्रिंटर.लॅन' ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवली, तर उत्तर १९२.१६८.१.५०, अगदी बरोबर. मग तेच 'एनएसलुकअप प्रिंटर.लॅन ८.८.८.८' असं विचारलं: असं नावच अस्तित्वात नाही. बरोबरच आहे, माझ्या घरातला प्रिंटर बाहेरच्या सर्व्हरला कुठून ठाऊक असणार?

सेकंडरी म्हणजे 'पहिल्याला जमलं नाही तर दुसऱ्याला विचार' असं आपण धरून चालतो. तसं नाही. पहिला उत्तरच देत नसेल तर यंत्र दुसऱ्याकडे वळतं, आणि काही यंत्रं एकदा वळली की बराच वेळ तिथेच राहतात. 'नाव अस्तित्वात नाही' हेही डीएनएसच्या लेखी पूर्ण उत्तर असतं, त्यामुळे ते मिळाल्यावर पुन्हा राउटरला विचारायचं कारणच उरत नाही. म्हणून या रकान्यांत लिहिलेल्या सगळ्या सर्व्हरना सारखंच ठाऊक असलं पाहिजे. घरची नावं वापरायची असतील तर बाहेरचा सर्व्हर इथे नको.

जाहिराती अडवण्यासाठी घरात पाय-होल हा डीएनएस सर्व्हर बसवणाऱ्यांना हाच फरक वेगळ्या रूपात दिसतो. पाय-होलचा पत्ता वॅनच्या पानावर टाकला, तर जाहिराती अडतात, पण त्याच्या नोंदींमध्ये प्रत्येक प्रश्न राउटरच्याच नावावर दिसतो. कोणत्या फोनने काय विचारलं ते कळत नाही. डीएचसीपीच्या पानावर टाकला, तर प्रत्येक यंत्र वेगळं दिसतं. फक्त राउटरने पाय-होलला आणि पाय-होलने उलट राउटरला विचारावं अशी रचना करू नका. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि बाहेरचं कुठलंच नाव उलगडत नाही.

नावाच्या शेपटाबद्दल एक सांगायला हवं. '.लोकल' वापरू नका, तो एमडीएनएस या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेला आहे. त्यात सर्व्हर नसतोच. यंत्र २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर 'हे नाव कोणाचं?' असं ओरडतं आणि ज्याचं असेल तो उत्तर देतो. त्यामुळे 'प्रिंटर.लोकल' चाललं म्हणजे राउटरचा डीएनएस चालतोय, असा अर्थ काढता येत नाही. घरासाठी अधिकृतपणे राखलेला शेपटा २०१८ पासून 'होम.अर्पा' हा आहे. दिसायला रुक्ष आहे, मी स्वतः अजून '.लॅन'वरच आहे.

सेटिंग बदलल्यावर लगेच तपासलं तर जुनंच दिसेल, कारण लॅपटॉपने सर्व्हरचा पत्ता जोडणीच्या वेळी घेतलेला असतो. वायफाय तोडून पुन्हा जोडा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवून डीएनएस सर्व्हरच्या ओळीत काय आलंय ते बघा. तिथे राउटरचा पत्ता दिसतोय, एनएसलुकअपही बरोबर सांगतंय आणि तरी ब्राउझरला नाव सापडत नसेल, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू आहे का पाहा. ते चालू असलं की ब्राउझर राउटरला बाजूला ठेवून स्वतःच एन्क्रिप्टेड जोडणीवरून बाहेर विचारू शकतो. आणि घरात आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल, तर त्या पानावरही डीएनएसचा आणखी एक रकाना निघतो. तो विसरला, तर यंत्रं त्या वाटेने बाहेरच्या सर्व्हरकडे जातात आणि प्रिंटर पुन्हा गायब होतो.