सूर्य शोधताना सापडलेलं कॅलेंडर

अँड्र्यू एलिकॉट डग्लस मुळात खगोलशास्त्रज्ञ. १८९४ साली पर्सिव्हल लॉवेल या धनिकाच्या वेधशाळेसाठी ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ त्यांनीच हेरलं. मंगळावर कालवे आहेत, म्हणजे ते खोदणारेही असणार, ही लॉवेलची लाडकी कल्पना. डग्लसना ती पटेना. तसं त्यांनी पत्रात लिहिलं आणि १९०१ मध्ये नोकरी गेली.

डोक्यात मात्र सूर्यच होता. सौरडाग साधारण ११ वर्षांनी वाढतात-ओसरतात. त्याचा पावसाशी संबंध असेल का? त्या मुलखात पावसाच्या जुन्या नोंदी नव्हत्या, पण पाइनची झाडं होती. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. पाऊस बरा झाला की वलय रुंद, अवर्षणात केसाइतकं बारीक. वलयांचा हा अर्थ लिओनार्दो दा विंचीलाही ठाऊक होता. डग्लसनी पुढचं पाऊल टाकलं: रुंद-अरुंद वलयांचा तोच क्रम दूरदूरच्या झाडांत जुळवून प्रत्येक वलयाला त्याचं नेमकं साल दिलं.

मग पुरातत्त्वज्ञांचं लक्ष गेलं. न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो बोनितोसारख्या मूळ रहिवाशांच्या ओसाड वस्त्यांमधल्या तुळयांची वलयं एकमेकांशी जुळत होती. कोणतं घर आधीचं, कोणतं नंतरचं, हे कळत होतं. पण साल? जिवंत झाडांपासून मागे जाणारी वलयांची साखळी तुळयांच्या साखळीला भिडत नव्हती. अखेर जून १९२९ मध्ये शो लो या गावातल्या उत्खननात एक जळकी तुळई मिळाली. क्रमांक एचएच-३९. तिची वलयं १२३७ पर्यंत मागे गेली आणि दोन्ही साखळ्या जुळल्या. गंमत अशी, की मधे खंड नव्हताच. दोन्ही टोकं एकमेकांवर चढलेली होती, पण तेराव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळातली वलयं इतकी बारीक, की खात्री देता येत नव्हती. एका फटक्यात कित्येक वस्त्यांना साल मिळालं.

१९३७ मध्ये टुसॉनच्या विद्यापीठात वृक्षवलयांची स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली आणि तिने कित्येक दशकं फुटबॉलच्या स्टेडियमखाली संसार केला! डग्लस १९६२ मध्ये गेले. सौरडागांचं चक्र वलयांत वाचायची त्यांची मूळ आस मात्र त्यांना हवी तशी फळली नाही. जुन्या लाकूड-हाडांची कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली वयं दुरुस्त करायला आज त्यांचीच पद्धत वापरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनीही केरळच्या जुन्या सागांची वलयं वाचून पाच शतकांमागच्या मान्सूनचा माग काढला आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडं स्वच्छ वार्षिक वलयं धरत नाहीत, साग धरतो.