लेकॉक : गाडीत बसण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. बाथहून सुटणाऱ्या आमच्या दिवसभराच्या सहलीत लेकॉक गावासाठी आम्ही तीन तास ठेवले आहेत. "एका खेड्याला तीन तास कशाला?" असं बुकिंग करताना बरेच जण विचारतात. मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिने राहायला आलेले आई-बाबा तर हमखास विचारतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

लेकॉक इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात आहे, एव्हन नदीच्या काठी, बाथपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. मुख्य रस्ते फक्त चार. चौकोनी फेरी मारून तुम्ही पुन्हा निघालात तिथेच येता. गावाचं नाव १०८६ सालच्या 'डूम्सडे' या जमीनजुमल्याच्या सरकारी नोंदवहीत आहे, पण गावाला आकार दिला तो एका बाईने, आणि गोष्ट तिच्यापासून सुरू करायला हवी.

तिचं नाव एला, सॉल्झबरीची काउंटेस. नवरा १२२६ मध्ये गेला. पुढे तिने विल्टशरचं शेरीफपद, म्हणजे राजाच्या वतीने परगण्याचा कारभार, सांभाळला. तेराव्या शतकात बाईमाणसाकडे हा अधिकार असणं फार दुर्मीळ होतं. १२३२ मध्ये तिने इथे ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मठाची पायाभरणी केली आणि काही वर्षांनी स्वतःच त्या मठाची प्रमुख झाली. राजाची सत्ता कायद्याच्या चौकटीत आणणाऱ्या 'मॅग्ना कार्टा'ची १२२५ सालची एक प्रत शतकानुशतकं याच मठात जपली गेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा १५३९ मध्ये हाही बंद झाला. विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबाऱ्याने तो विकत घेतला, चर्च पाडलं आणि उरलेल्या इमारतीत स्वतःचं घर केलं. मात्र चौकाभोवतीच्या ओवऱ्या त्याने शाबूत ठेवल्या. ओवऱ्याच म्हणतो आम्ही त्यांना. मधे मोकळा चौक, चारही बाजूंनी कमानींची सावली. आपल्या जुन्या देवळांत वावरलेल्या माणसाला ही जागा परकी वाटत नाही. वर बघत चाला, छताच्या दगडी फासळ्या जिथे एकत्र येतात तिथे कोरीवकाम आहे. ओवरीला लागून असलेल्या एका खोलीत १५०० साली ओतलेली भलीमोठी कढई ठेवली आहे. ती मेखेलेनची, म्हणजे आजच्या बेल्जियममधली. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना या ओवऱ्या जादूगार मुलांच्या सिनेमातून आधीच ठाऊक असतील.

आता ती खिडकी. मठाच्या दक्षिणेकडच्या लांब दालनात शिशाच्या पट्ट्यांत छोट्या काचा बसवलेली एक खिडकी आहे. पुढच्या काळात हे घर विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्याकडे आलं. त्यांना चित्रं काढायची हौस होती, पण हात साथ देत नव्हता. १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी रेखाटनं जमेनात, तेव्हा प्रकाशानेच चित्र कागदावर उमटवावं अशी कल्पना त्यांच्या मनात आली. मिठाच्या पाण्याचा आणि चांदीच्या क्षाराचा हात दिलेला कागद त्यांनी लहान लाकडी पेट्यांत ठेवून पाहिला. घरभर पडलेल्या त्या पेट्यांना त्यांची पत्नी कॉन्स्टन्स 'उंदराचे सापळे' म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये याच खिडकीची प्रतिमा कागदावर उतरली, जेमतेम टपाल तिकिटाएवढी. काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगाखाली मोजता येत होते, असं त्यांनी शेजारी लिहून ठेवलं आहे. जगात आज टिकून असलेली ही सर्वांत जुनी फोटोची निगेटिव्ह. तुमच्या-आमच्या घरच्या अल्बममधला लग्नाचा कृष्णधवल फोटो ज्या निगेटिव्हवरून छापला गेला, तिचं मूळ या खिडकीशी आहे. आमच्या सहलीत सगळे इथे मोबाइल काढतात, आणि आम्हाला दर वेळी त्याचा आनंद होतो. काढाच. पण आधी दोन मिनिटं नुसतं बघा.

गावातली घरं मात्र हळू चालत पाहायची आहेत. मध्ययुगात इथे लोकरीचा आणि कापडाचा व्यापार चालायचा, त्या पैशाची ही घरं. ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या जागेत काठ्यांची वीण, त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा, वर चुना. कोकणातल्या मंडळींना कुडाची भिंत समजावून सांगायला नको, तीच ही पद्धत. चर्च स्ट्रीटवर एका घराच्या दर्शनी भागातच दोन वाकडी लाकडं कमानीसारखी वर जाऊन भिडलेली दिसतात. वाकलेलं झाड उभं चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभे करायचे आणि सगळं छप्पर त्यावर पेलायचं, अशी ती रचना. सहाशे वर्षांहून जास्त काळ ती लाकडं भार वाहत आहेत.

ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं दशांशाचं कोठार आहे. गावकरी उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्य, लोकर, कातडी अशा रूपात मठाला देत, तो इथे साठवला जाई. त्याला खेटून घुमटाकार छपराची दगडी कोठडी आहे, अठराव्या शतकातली. दारूच्या नशेत दंगा करणाऱ्याला रात्रभर तिथे कोंडत. खिडकी नाही, म्हणून तिचं नाव 'आंधळं घर'.

जॉर्ज इन या गावातल्या जुन्या पबमध्ये चहा घेताना चुलाण्याकडे बघा. तिथे एक लाकडी चाक आहे. त्यात आखूड पायांचा कुत्रा पळायचा आणि त्याच्या पळण्याने विस्तवावरची मांसाची सळई फिरत राहायची. त्या मुक्या जिवाचे हाल आठवून आमच्यातले काही जण तिथे फार वेळ थांबत नाहीत.

हे सगळं टिकलं कसं? जवळजवळ अख्खं गाव एकाच घराण्याच्या मालकीचं राहिलं आणि कापडाचा व्यापार ओसरल्यावर पाडून नवं बांधायचं कुणाला कारणच उरलं नाही. शेवटी मटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये मठ आणि गाव दोन्ही जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. वर बघितलंत तर विजेच्या तारा किंवा टीव्हीचे अँटेना दिसणार नाहीत.

एक विनंती मनापासून करतो. या घरांत आजही भाडेकरू कुटुंबं राहतात, शाळेतून मुलं घरी येतात, खिडकीत कपबशा वाळत असतात. कुणाच्या खिडकीतून आत डोकावू नका, दाराच्या पायरीवर बसून फोटो काढू नका. डबा खायचा असेल तर मठाबाहेरच्या हिरवळीवर जागा आहे, आणि कचऱ्याची पिशवी आमच्या गाडीत ठेवलेली असते.

मठात जायला तिकीट लागतं, गाव फिरायला नाही. मठाच्या खोल्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही फोन करून सांगू. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबते, तिथून पाच मिनिटं चालावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी सांगा, त्यांना आम्ही आधी गावात सोडू. जुने दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. परत निघायला थोडा वेळ हाताशी असला तर गावच्या दफनभूमीपर्यंत जाऊन येतो. खिडकीचा फोटो काढणारे फॉक्स टॅल्बट तिथे आहेत.