अमेरिकी शेअरांचा लाभांश आणि तिकडे कापलेला कर : रिटर्नमध्ये क्रेडिट कसे घ्यावे

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, आर्थिक वर्ष २०२५-२६ (कर निर्धारण वर्ष २०२६-२७)

कंपनीकडून आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर) किंवा ईएसपीपी (कर्मचाऱ्यांसाठीची शेअर खरेदी योजना) यांमधून मिळालेले, नाहीतर स्वतः पैसे पाठवून घेतलेले अमेरिकी शेअर तुमच्याकडे असतील आणि तुम्ही भारताचे सामान्य रहिवासी असाल, तर त्यांवरचा लाभांश इथे करपात्र आहे. रक्कम ब्रोकरच्या खात्यात तशीच पडून असली, भारतात आणलीच नसली, तरीही. लाभांश परस्पर नव्या शेअरांत गुंतवला जात असेल तर तोही त्या तारखेला मिळालेलेच उत्पन्न धरला जातो.

हाच लाभांश तुमच्या हाती येण्याआधी अमेरिकेने त्यावर कर कापलेला असतो. एकाच रुपयावर दोनदा कर बसू नये म्हणून आयकर कायदा १९६१ चे कलम ९० आणि आयकर नियमांतला नियम १२८ यांनी तिकडच्या कराचे क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी वजावट, दिले आहे. ते आपोआप मिळत नाही. फॉर्म ६७ (हे क्रेडिट मागण्याचा वेगळा फॉर्म) आणि रिटर्नमधले शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्नाचा तक्ता) व शेड्यूल टीआर (मागितलेल्या क्रेडिटचा तक्ता) या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असला तरच ते पदरात पडते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. हे पत्रक त्याआधीच्या वर्षाच्या रिटर्नसाठी आहे.

तिकडे किती कर कापला जायला हवा

दुहेरी कर टाळण्यासाठीच्या भारत-अमेरिका करारातल्या कलम १० प्रमाणे व्यक्तीच्या लाभांशावर २५ टक्के. हा दर मिळण्यासाठी ब्रोकरकडे डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म (आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असे जाहीर करणारा) चालू असावा लागतो. सही केलेले वर्ष सोडून पुढची तीन कॅलेंडर वर्षे तो चालतो. म्हणजे २०२३ मध्ये कधीही सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२६ ला तो संपेल. संपल्यावर कपात ३० टक्क्यांवर जाऊ शकते, आणि इथे बरेच जण फसतात. करारापेक्षा जास्त कापलेल्या कराकडे नियम १२८ दुर्लक्ष करतो. वरच्या ५ टक्क्यांचे क्रेडिट भारतात मिळत नाही. ते परत हवे असतील तर अमेरिकेच्या कर खात्याकडे तिकडचे रिटर्न भरून मागावे लागतात. चार-पाच हजार रुपयांसाठी तो खटाटोप कोणी करत नाही, म्हणून डब्ल्यू-८बीईएनची तारीख आजच ब्रोकरच्या साइटवर पाहून घ्या.

पुढच्या रकमा मात्र परदेशी कर नव्हेत. आरएसयू हाती येताना काही शेअर विकून जो कर कापला जातो, तो भारतातल्या पगारावरचा टीडीएस आहे आणि फॉर्म १६ मध्ये येतो. परदेशी गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांवर पैसे पाठवताना बँक जो २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) घेते, तो टीसीएसच्या शेड्यूलमध्ये जातो. भारतीय म्युच्युअल फंडाने अमेरिकेत गुंतवणूक केली असेल, तर तिकडच्या लाभांशावर कापलेला कर फंडाचा असतो. युनिटधारकाला त्याचे क्रेडिट मागता येत नाही. आणि शेअर न्यू यॉर्कच्या बाजारात घेतला, पण कंपनी तैवानची किंवा ब्रिटनची असेल, तर लाभांशाचा देश कंपनीचा धरायचा, बाजाराचा नाही.

कागद कोणते लागतील

ब्रोकरकडून मार्चच्या मध्यापर्यंत १०४२-एस हे अमेरिकी कर-कपातीचे प्रमाणपत्र येते. त्यात एकूण लाभांश आणि कापलेला कर दोन्ही असतात, पण जानेवारी ते डिसेंबर या काळाचे. आपले वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे २०२५ चा १०४२-एस जसाच्या तसा उतरवला, तर जानेवारी ते मार्च २०२५ चा लाभांश पुन्हा एकदा येतो आणि जानेवारी ते मार्च २०२६ चा राहून जातो. हा राहिलेला भाग २०२६ च्या १०४२-एसमध्ये असेल आणि तो २०२७ च्या मार्चपर्यंत येणार नाही. म्हणून हिशोब ब्रोकरच्या व्यवहार-यादीवरून करा आणि १०४२-एस पुरावा म्हणून जोडा. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशा तारखा देऊन यादी पीडीएफ आणि सीएसव्ही दोन्ही रूपांत उतरवून घ्या.

यादीत एका लाभांशाच्या दोन ओळी दिसतात. २०० शेअर आणि प्रति शेअर ०.८० डॉलर असेल तर पहिली ओळ १६०.०० डॉलर लाभांशाची. तिच्याखाली, त्याच तारखेची, उणे ४०.०० डॉलर, ‘एनआरए टॅक्स’ (अनिवासी परदेशी व्यक्तीवरचा कर) अशा काहीशा नावाची. खात्यात वाढलेले दिसतात १२० डॉलर. रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून १६० दाखवायचे. १२० दाखवून वर ४० चे क्रेडिट मागणे म्हणजे एकाच कराचा फायदा दोनदा घेणे. सर्वांत जास्त होणारी चूक ही आहे.

डॉलरचे रुपये

वर्षभराचा एक सरासरी दर चालत नाही. लाभांशासाठी नियम ११५ आणि कापलेल्या करासाठी नियम १२८, दोन्ही स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो) मागतात, तोही आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभांश मिळाला असेल तर ३१ ऑगस्टचा दर हवा. तो रविवार होता, तेव्हा त्याआधी जाहीर झालेला शेवटचा दर घ्या. समजा तो ८७.०० रुपये असेल, तर वरच्या उदाहरणात उत्पन्न १३,९२० रुपये आणि परदेशी कर ३,४८० रुपये.

नियम ११५ मध्ये लाभांश जाहीर झालेला, वाटलेला किंवा दिलेला महिना असे तीन पर्याय आहेत. कर मात्र पैसे देतानाच कापला जातो. आमचे मत असे की दोन्हीकडे पैसे मिळाल्याचा महिना धरावा. मग एका लाभांशाला एकच दर लागतो आणि कर बरोबर २५ टक्के दिसतो. कोणी तपासायला बसले तर ओळ ओळीला जुळते. स्टेट बँक दर रोज बदलते, त्यामुळे वापरलेल्या दराच्या पानाची पीडीएफ जपून ठेवा.

क्रेडिट प्रत्यक्षात किती मिळते

२५ टक्के कापले म्हणजे २५ टक्के मिळाले, असे नाही. तिकडे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर भारतात बसणारा कर, यांतली जी रक्कम कमी ती मिळते. ही तुलना प्रत्येक देशासाठी आणि उत्पन्नाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी होते. भारतातला कर काढताना सरासरी दर वापरणे सुरक्षित, म्हणजे अधिभार आणि सेस धरून एकूण कर भागिले एकूण उत्पन्न. कलम ९१ मध्ये भारतीय दराची व्याख्या अशीच आहे. आपल्याला लागणारा सर्वांत वरचा स्लॅब म्हणजे हा दर नव्हे.

नव्या करप्रणालीत, प्रमाणित वजावटीनंतर पगार २२,००,००० आणि अमेरिकी लाभांश १,००,००० असेल तर एकूण उत्पन्न २३,००,०००. त्यावर कर २,७५,०००, सेस ११,०००, मिळून २,८६,०००. सरासरी दर १२.४३ टक्के. लाभांशावरचा भारतीय कर १२,४३५, अमेरिकेने घेतलेला २५,०००. क्रेडिट मिळेल १२,४३५. उरलेले १२,५६५ ना परत मिळतात ना पुढच्या वर्षी नेता येतात.

पगार ५९,००,००० असेल तर चित्र उलटते. एकूण ६०,००,००० वर कर १३,८०,०००, दहा टक्के अधिभार १,३८,०००, सेस ६०,७२०, एकूण १५,७८,७२०. सरासरी २६.३१ टक्के. लाभांशावरचा भारतीय कर २६,३१२ आणि क्रेडिट पूर्ण २५,०००.

आणि लाभांश धरूनही एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्यावर आला असेल, तर क्रेडिटही शून्य. निवृत्त आई-वडिलांच्या नावावर अमेरिकी शेअर घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. तिकडे कापलेले २५ टक्के कायमचे जातात.

सॉफ्टवेअरमध्ये भरण्याचा क्रम

परदेशी उत्पन्न किंवा मालमत्ता असेल तर आयटीआर-१ चालत नाही. पगारदारांना आयटीआर-२ लागतो. आयकर पोर्टलवरचे ऑनलाइन रिटर्न असो, त्यांची ऑफलाइन युटिलिटी असो की विकतचे सॉफ्टवेअर, शेड्यूलांची नावे तीच असतात.

सुरुवात शेड्यूल ओएसपासून, म्हणजे ‘इतर स्रोतांचे उत्पन्न’ या तक्त्यापासून. लाभांशाची एकूण रक्कम सर्वसाधारण लाभांशाच्या ओळीत टाका. खाली कराराप्रमाणे विशेष दराने करपात्र उत्पन्नाची वेगळी ओळ आहे. तिकडे हात लावू नका, कारण तुमचा लाभांश भारतात तुमच्या स्लॅबनेच करपात्र आहे. त्याच शेड्यूलमध्ये लाभांशाची मुदतनिहाय विभागणी मागितली जाते : १५ जूनपर्यंत, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्चपर्यंत. सगळी रक्कम पहिल्या रकान्यात ढकलली तर अग्रिम कराच्या हप्त्यांवर कलम २३४सीचे जास्त व्याज लागू शकते.

मग शेड्यूल एफएसआय. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये इथला आकडा ओएसमध्ये आपोआप जात नाही आणि ओएसमधला इथे येत नाही. दोन्हीकडे स्वतः भरावा लागतो. देश अमेरिका. कर ओळख क्रमांकाच्या जागी, तिकडचा क्रमांक नसेल तर पासपोर्ट क्रमांक. ‘इतर स्रोत’ या ओळीत उत्पन्न, परदेशी कर, भारतातला कर आणि दोहोंतला कमी आकडा. कराराचे कलमही विचारतात. लाभांशाच्या दराचे कलम १० आहे आणि क्रेडिट देणारे कलम २५. जे लिहाल तेच फॉर्म ६७ मध्येही लिहा. शेड्यूल टीआरमध्ये देशवार बेरीज येते. तिथे सवलतीचे कलम ९० निवडले आहे ना, ते पाहा. अमेरिकी कर टीडीएसच्या शेड्यूलमध्ये टाकू नका. तिथे कापणाऱ्याचा टॅन (कर कापणाऱ्याचा भारतीय क्रमांक) लागतो, आणि २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा कराची नोंद) नसलेली कपात सीपीसी (आयकर खात्याचे प्रक्रिया केंद्र) काढून टाकते.

आता रिटर्न सादर न करता थांबा. बँकेचे व्याज, बचत खाते, शेअरविक्रीचा नफा, करप्रणालीची निवड, सगळे अंतिम झाले का ते तपासा. कारण शेवटच्या क्षणी ठेवीचे ४०,००० रुपये व्याज आठवले आणि भरले, की एकूण उत्पन्न बदलते, सरासरी दर बदलतो, क्रेडिटचा आकडाही बदलतो. फॉर्म ६७ तोवर गेलेला असेल तर त्यात जुना आकडा राहतो. एफएसआयमधला भारतातल्या कराचा रकाना काही सॉफ्टवेअर आपोआप काढतात, काहींत हाताने भरावा लागतो. हाताने भरलेला आकडा मागचे उत्पन्न बदलले म्हणून स्वतः बदलत नाही.

आकडे पक्के झाले की पोर्टलवर ई-फाइल, आयकर फॉर्म, या वाटेने जाऊन शोधपट्टीत ६७ टाका. देश, उत्पन्नाचा प्रकार, रक्कम, तिकडचा कर व दर, भारतातला कर, कराराचे कलम व दर आणि मागितलेले क्रेडिट भरा. व्यवहार-यादी आणि १०४२-एस जोडा. सोबत तुमच्या सहीचे एक पानी विवरण द्या : तारीख, डॉलर, दर, रुपये, कर. ई-पडताळणी (उदा. आधार ओटीपीने) झाल्याशिवाय फॉर्म दाखल होत नाही. पोचपावती क्रमांक आला की मगच रिटर्न पाठवा.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर फॉर्म ६७ साठी कर निर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत आहे. अट अशी की रिटर्न मुदतीत किंवा विलंबित रिटर्नच्या मुदतीत भरलेले असावे. मुदत असली तरी रिटर्न आधी आणि फॉर्म नंतर असा क्रम ठेवू नका. रिटर्नची छाननी झाली तेव्हा फॉर्म नोंदीत नसेल तर क्रेडिट नाकारून मागणी निघू शकते.

शेड्यूल एफए वेगळे आहे

शेअर आणि ब्रोकर खाते शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) जाहीर करावे लागते, लाभांश एक डॉलरही मिळाला नसला तरी. तिथला काळ कॅलेंडर वर्षाचा आहे, या खेपेस १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. त्यामुळे एफएमधला लाभांश आणि एफएसआयमधला लाभांश जुळत नाहीत, आणि जुळवायचेही नाहीत. हे जाहीर करणे टाळले तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण जाहीर करण्याचे बंधन कायम आहे. करारान्वये अमेरिकेकडून खात्यांची माहिती आयकर खात्याकडे येते.

क्रेडिट नाकारल्याची सूचना आली तर

कलम १४३(१) च्या सूचनेत दोन रकाने शेजारी असतात, तुम्ही मागितलेले आणि खात्याने मान्य केलेले. कलम ९० च्या ओळीत उजवीकडे शून्य दिसले तर आधी तीन गोष्टी पाहा : फॉर्म ६७ ची पडताळणी झाली होती का, त्यात कर निर्धारण वर्ष २०२६-२७ च निवडले होते का, आणि त्यातली रक्कम शेड्यूल टीआरशी रुपयाबरहुकूम जुळते का. तिन्ही ठीक असतील तर पोर्टलवरून कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. अपिलाची मुदत सूचना मिळाल्यापासून ३० दिवस आहे आणि दुरुस्तीचा अर्ज केल्याने ती थांबत नाही. रक्कम मोठी असेल तर सूचना आल्याच्या आठवड्यातच कागद घेऊन आमच्याकडे या.